माफीची तारीख

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "नजीरभाई, हसुरामवर लिहा ना. आतल्या गोष्टी. जरा चटपटीत."

आतल्या गोष्टी म्हणजे काय हो? तो माणूस डब्यातली भाकरी खायचा, ॲसिडिटीच्या गोळ्या चघळायचा आणि माझ्या डोक्याला ताप द्यायचा. हे सांगितलं तर बाई फोनवर खो खो हसल्या. हाच वैताग आहे. हसुरामचं नाव काढलं की लोक आधी हसून घेतात आणि मग ऐकतात, आणि तोवर ऐकण्यासारखं जे असतं ते सांगून झालेलं असतं.

ज्यांना तो आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नव्वदच्या दशकात केबल घरोघर आली, तेव्हा एका खासगी वाहिनीवर दर शनिवारी संध्याकाळी त्याचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. उरणकडचा आगरी माणूस. पडद्यावर आडनाव लावायचा नाही, नुसतं हसुराम. आमच्याकडे हे नाव खरंच ठेवतात, ते टीव्हीसाठी घेतलेलं नव्हतं. जमिनीचे पैसे आल्यावर आधी गाडी घेणारे गाववाले, त्याच जमिनीवरच्या फ्लॅटमध्ये राहून 'इथे मच्छर किती' म्हणणारे मुंबईकर, पुढारी, डॉक्टर, कुणालाही तो सोडायचा नाही. नक्कल अशी करायचा की ज्याची केली तो माणूस आपल्याच आवाजाला दचकायचा. निम्मे लोक हसायचे आणि निम्मे निषेधाची पत्रं लिहायचे. पुष्कळदा ते एकच लोक असायचे. आधी पोट धरून हसायचे आणि मग कागद घेऊन बसायचे.

मी अकरा वर्षं त्याचा सेक्रेटरी होतो. कलाकाराचा सेक्रेटरी म्हणजे फायली सांभाळणारा बाबू नव्हे. तो कलाकाराच्या तारखा सांभाळतो. माझी एक जाड डायरी असायची. दिवसाचे तीन भाग: सकाळ, दुपार, संध्याकाळ. कुणी तोंडी विचारलं तर ती तारीख पेन्सिलीनं लिहायची, पक्की झाली की शाईनं. शाईची तारीख मोडायची नाही, हा या धंद्यातला धर्म. आठ तासांच्या कामाला शिफ्ट म्हणतात, आणि शिफ्टच्या वेळी कलाकार सेटवर नसला तर पन्नास माणसं हातावर हात ठेवून बसतात आणि शिव्या सेक्रेटरी खातो. मी आधी बंदराजवळच्या एका ऑफिसात मराठी-इंग्रजी टायपिस्ट होतो. माझे अब्बा उरण तालुक्यात शाळामास्तर, हसुराम त्यांचा विद्यार्थी. एक दिवस तो ऑफिसात येऊन म्हणाला, "मास्तरांचा पोरगा हाय, शुद्ध लिवतो. चल माझ्याकडं." मी गेलो. माझी अक्कल त्या दिवशी रजेवर होती.

तारखा सांभाळायच्या म्हणून मला घेतलं होतं. पण दुसऱ्याच वर्षी माझं खरं काम ठरलं. ते म्हणजे माफी मागणं.

झालं असं. कळंबोलीला ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटनेचा वार्षिक समारंभ होता. हसुराम पाहुणा. त्यानं स्टेजवर जाऊन संघटनेच्या अध्यक्षांचीच नक्कल केली: ते खुर्चीत कसे बसतात, उठताना खुर्ची त्यांच्याबरोबर कशी उठते. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. आम्ही बाहेर येऊन बघतो तर आमच्या गाडीच्या पुढे एक ट्रेलर, मागे एक ट्रेलर, आणि दोन्हीचे ड्रायव्हर चाव्या घेऊन जेवायला गेलेले.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "अरे भाई, हम किसी को मारते नहीं. चाय पियो, माफी बोलो, और जाओ."

हसुरामनं हात जोडले. पहिलं वाक्य छान बोलला. दुसरं बोलला. तिसऱ्या वाक्याला मी डोळे मिटून घेतले, कारण माफी आता अध्यक्षांच्या आवाजात चालू झाली होती. जमलेले ड्रायव्हर, क्लीनर हसून हसून गडबडा लोळले. अध्यक्षांच्या पत्नी तिथेच होत्या, त्याही हसल्या, आणि तिथेच सगळं बिनसलं. आम्ही सकाळी अकराला अडकलो ते दुपारी तीनला सुटलो. तुर्भ्याला गोदामात उभारलेल्या सेटवर पन्नास माणसं आमची वाट बघत होती.

गाडीत मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "नजीर, मी मुद्दाम नाय करत रे. समोर मानसं दिसली का तोंड आपोआप चालतं." मला ते तेव्हा निव्वळ ढोंग वाटलं.

त्या दिवसापासून नियम केला. हसुरामनं माफी मागायची नाही, मी मागायची. त्याच्या सहीचे कोरे लेटरहेड मी आधीच घेऊन ठेवायचो. एक मजकूर तयार केला: 'माझ्या कार्यक्रमातील उल्लेखामुळे आपण व आपले सर्व सभासद यांच्या भावना दुखावल्या असल्यास मी अंतःकरणपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. विनोदामागे कोणताही दुष्ट हेतू नव्हता.' नाव बदलायचं, टाइप करायचं, बरोबर शाल आणि नारळ. नर्सबाई झाल्या, रिक्षावाले झाले, मंडप डेकोरेटर झाले, मुख्याध्यापक झाले. पनवेलचा शालवाला तर मला लांबून बघूनच विचारायचा, "आज कोन दुखावला?"

नेरूळच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मंत्रालयातून निवृत्त झालेले गृहस्थ. हसुरामनं सोसायटीच्या नोटिशींवर एक प्रवेश केला होता: 'गच्चीत पापड वाळवणाऱ्यांनी पापडांची यादी कार्यालयात जमा करावी' वगैरे. यांना वाटलं, आपल्याच बोर्डावरून उचललंय. (उचललेलंच होतं. मी स्वतः वही घेऊन उतरवून आणलं होतं.) मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावला, खिशातून लाल पेन काढलं आणि माझ्या माफीनाम्यात दुरुस्त्या करायला बसले. "मिस्टर, हे 'असल्यास' काय आहे? दुखावल्या आहेत. 'असल्यास' काढा. आणि जावक क्रमांक कुठाय?" मी परत गेलो, जावक क्रमांक घातला, पुन्हा आलो. ते म्हणाले, "आता तारीख राहिली." तिसऱ्या खेपेला त्यांनी पत्र मंजूर केलं आणि बोर्डावर लावलं. सगळ्या इमारतीनं ते वाचलं आणि पुढच्या शनिवारी झाडून सगळे टीव्हीसमोर बसले. मी मात्र तीन दिवस आमचं वाशीचं ऑफिस ते नेरूळ अशा खेपा घालत होतो.

घरी शमीम, म्हणजे आमच्या बेगम, म्हणायच्या, "अख्ख्या दुनियेची माफी मागून झाली का आमचाबी नंबर लावा." मी हसण्यावारी न्यायचो. खरं सांगायचं तर मला या कामाचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता. भडकलेल्या माणसासमोर किती वेळ गप्प बसायचं आणि शाल नेमकी कधी काढायची हे मला जमायला लागलं होतं. माफी हा एक कसबी धंदा आहे आणि त्यात आपला हात धरणारा कुणी नाही, अशी माझी समजूत झाली. त्या समजुतीनंच घात केला.

आता वैनींबद्दल. वैनी म्हणजे हसुरामच्या थोरल्या भावाची, आमच्या दादांची, बायको. आईबाप लहानपणी गेले, भावानं आणि वैनीनं याला वाढवला. पुढे भाऊही गेला, मिठागरावर काम करता करता छातीत कळ येऊन. मूलबाळ नाही. द्रोणागिरीच्या बाजूला गाव, निम्मी शेतं भराव घालून सपाट झालेली, कडेला गोदामं उभी राहत होती. वैनी उरणच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. मी लहानपणापासून तिच्या हातचं खाल्लंय. आमच्या अब्बांना ती ईदला न चुकता सुके बोंबील धाडायची.

तिची एक सवय होती. गिऱ्हाईकाशी भांडण झालं, कुणी भाव पाडून मागितला, छत्री विसरली, गुडघा दुखला, काहीही झालं की ती कपाळावर आडवा हात धरायची, वर आभाळाकडे बघायची आणि गेलेल्या नवऱ्याला सांगायची, "बगता ना तुमी? बगा, ही बाई काय बोलते! बगा जरा!" लगेच पुन्हा खाली बघून मासळी मोजायला लागायची. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. घरातल्या घरात बोलावं तसं ती बोलायची. बाजारात सगळ्यांना माहीत होतं, कुणी हसत नव्हतं.

एका शुक्रवारी शूटिंगच्या वेळी प्रवेश तीन मिनिटं कमी पडला. दिग्दर्शक म्हणाला, "हसुराम, काहीतरी टाक." हसुरामनं पदर घेतल्यासारखा टॉवेल डोक्यावर घेतला, कपाळावर हात धरला आणि वर बघितलं.

सेट कोसळला हसून. मीसुद्धा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो मी. ती कोण आहे हे त्या अख्ख्या सेटवर त्याच्याशिवाय फक्त मला माहीत होतं. 'हे नको, टेप पुसा' असं मी म्हणू शकलो असतो. ते माझं कामच होतं एका अर्थी. मी डोळे पुसले आणि पुढच्या आठवड्याची तारीख लिहून घेतली.

ती सुकटवाली बाई पुढे दर शनिवारी यायला लागली. लहान मुलं शाळेत कपाळावर हात धरून वर बघायला लागली. वर्तमानपत्रात एकानं लिहिलं, विधवेची टिंगल आहे, कार्यक्रम बंद करा. दुसऱ्यानं लिहिलं, निखळ विनोद आहे. वाहिनीवाले खूश, वादामुळे बघणारे वाढले होते. आणि मी आपला मजकूर टाइप करतोय: आपण व आपले सर्व सभासद.

मग एक दिवस वैनीचा भाचा ऑफिसात आला. म्हणाला, "मावशी बाजारान बसत नाय आता. लोक येतात, मासली घेत नाय. समोर उभं रातात आनि वर बगतात."

मी काय करावं? शालवाल्याकडे गेलो. सवय हो, दुसरं काय. शाल, नारळ, सहीचं लेटरहेड. टाइप केलं, नाव घातलं, 'सौ.' ऐवजी 'श्रीमती' टाकायला मात्र विसरलो नाही. शुद्धलेखन चोख!

वैनी ओटीवर बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "वाच." मी वाचलं. वाचताना 'आपले सर्व सभासद' आलं तेव्हा मला कळलं, पण तोंडून निघून गेलं होतं.

तिनं विचारलं, "सभासद कोन रे? घरान त मी एकलीच हाय."

मी कागदाची घडी घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती म्हणाली, "नजीर, तू कशाला माफी मांगतोस? तू काय केलास? त्याला धाड. इथं घरी ये म्हन, सांजच्याला. भाकरी खाईल, बसंल. मना त्याला चार गोष्टी इचारायच्या हायेत." वर म्हणाली, "चार मानसांत नको. घरीच."

इतकं साधं मागणं होतं. मी परत येऊन हसुरामला सांगितलं. तो पहिल्यांदाच काही चटकदार बोलला नाही. म्हणाला, "मी काय बोलू तिला? तू लिवून दे ना दोन ओळी."

आणि मी लिहून दिल्या. तेही सोडा. मी डायरी उघडली. महिनाभर एकही संध्याकाळ मोकळी नव्हती, सगळी पानं शाईची. फक्त एका गुरुवारी सकाळी उरणला एका दुकानाचं उद्घाटन होतं आणि एकला तुर्भ्याची शिफ्ट. मध्ये तास मोकळा. त्या वेळी वैनी बाजारात असते. भाच्यानं निरोप दिला होता की आठवडाभर घरी बसून कंटाळून ती पुन्हा बसायला लागलीय. बाजार उद्घाटनाच्या दुकानापासून पाच मिनिटांवर. मला वाटलं, वा, जमलं! मी लिहिलं: 'अकरा ते बारा. वैनी, माफी.' शाईनं लिहिलं.

तुम्ही म्हणाल, एक संध्याकाळ मोडली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? नसतं कोसळलं. पण अकरा वर्षं माणूस ज्या डायरीत बघत जगतो, तिच्याबाहेर त्याला दिवस दिसतच नाही.

गुरुवारी आम्ही बाजाराच्या तोंडाशी उतरलो. हसुरामला ओळखायला लोकांना कितीसा वेळ लागतो? दहा पावलांत मागे वीस माणसं, वैनीच्या टोपलीपर्यंत शंभर. वैनीनं त्याला बघितलं. तो वाकला, तिच्या पायांना हात लावला. मी लिहून दिलेल्या ओळींतली पहिली ओळ त्याच्या ओठांवर आलेली मला दिसली.

वैनीनं गर्दीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "उठ. घरी चल." ती टोपलीवर फडकं टाकायलासुद्धा लागली. आणखी दोन मिनिटं मिळाली असती तर ती दोघं घरी पोचली असती.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बगता ना तुमी?"

आणि हसुरामची मान वर झाली. हात कपाळावर गेला. "बगा, बगा जरा!" तोच सूर, तोच हेल, हुबेहूब वैनी. वैनीच्या समोर, वैनीच्या हातभर अंतरावर.

बाजार फुटला हसून. हसुरामनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. कळंबोलीच्या त्या दुपारी त्यानं मला जे सांगितलं होतं ते खरं होतं, हे मला त्याचे डोळे बघून कळलं. त्याला ते थांबवताच आलं नव्हतं.

वैनी रागावली नाही, रडली नाही. तिनं नेहमीसारखा हात कपाळावर धरला, वर बघितलं, तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं. हात खाली घेतला. टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघाली.

हसुराम तिच्या मागे धावला. आणि मी, मास्तरांचा शुद्ध लिहिणारा मुलगा, घड्याळ बघून मागून ओरडलो, "हसुराम, शिफ्ट एकची आहे!"

तो थांबला. वळून गाडीत येऊन बसला. तुर्भ्याला आम्ही एकच्या ठोक्याला मेकअपला हजर होतो.

त्या शिफ्टला त्यानं टॉवेल डोक्यावर घ्यायला नकार दिला. दिग्दर्शक चिडला, वाहिनीचे लोक आले, करार काढला गेला. हसुराम म्हणाला, "दुसरं काय पन सांगा. ही बाई मी करनार नाय." कारण कुणाला सांगितलं नाही आणि मलाही शपथ घातली. काही महिन्यांत कार्यक्रम बंद पडला. छापून आलं, हसुरामच्या डोक्यात हवा गेली. मला चीड येते ती याची. आयुष्यभर कुणाला सोडलं नाही म्हणून लोकांनी त्याला खांद्यावर घेतला, आणि एका माणसाला सोडलं तेव्हा खाली टाकला. वाहिनीची माफी मागणारं पत्रही मीच टाइप केलं. त्यानं ते सहीआधी वाचलं, तेवढा एकच माफीनामा त्यानं वाचला असेल. तो गेल्यावर आलेल्या मृत्युलेखांतही तीच हवा होती, म्हणून ती शपथ आज मोडतोय.

वैनीनं त्याला माफ केलं नाही असं कुणी समजू नये. तो नंतर पुष्कळदा तिच्याकडे गेला, संध्याकाळीच गेला, आता संध्याकाळी मोकळ्याच होत्या. ती त्याला भाकरी वाढायची, ॲसिडिटीवरून ओरडायची. चार गोष्टी विचारायच्या होत्या त्या विचारल्या की नाही, मला माहीत नाही. बाजारातही ती पुन्हा बसायला लागली. तोंड पूर्वीसारखंच फटकळ. लोकही दुसऱ्या कुणाला तरी हसायला लागले, ती कोण होती ते विसरून गेले.

वर्षभरानं मी उरणला गेलो होतो. तिच्यासमोर उकिडवा बसलो. एक बाई आली, निम्म्या भावानं मागितलं, वर मासळीला नावं ठेवून निघून गेली. मी वाट बघत होतो. वैनीनं मान वर केली नाही. बोंबील सारखे करत राहिली.

न राहवून मी विचारलं, "वैनी, आता दादांना काही सांगत नाही?"

ती म्हणाली, "कशी सांगू रे? वर बगला का मनाच वाटतं, मी हसुरामची नक्कल करते."